चार मिलिमीटर दक्षिणेला

बनसोडे बाई आता नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी वाकडं बोलू नये असं माझी बायको म्हणते. मी वाकडं बोलत नाही. पण एका छापील वैज्ञानिक अहवालात सातव्या पानावर माझं नाव आहे, ते नको त्या कारणासाठी आहे, आणि तो अहवाल बाईंनी लिहिलेला आहे. कराडजवळच्या खेड्यातून आयटीआय करून मी इकडे आलो. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात स्वतःची शेड उभी केली, तीन लेथ घेतले, सरदारजींच्या गल्लीत सरदारजींच्या तोंडची कामं ओढून आणली. हे सगळं नावावर झालं. ते नाव बाईंनी तसं छापलं. म्हणून त्यांची आठवण झाली की आधी मला राग येतो. राग बसला की बाकीचं येतं, आणि ते पुष्कळ आहे.

त्या पहिल्यांदा शेडमध्ये आल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. ऑटोतून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. सुती साडी, पायात पुरुषी सँडल, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं थर्मासचं टोपण. माझं भांडण संपेपर्यंत त्या लेथपाशी उभ्या राहून लोखंडाची साल निघताना बघत होत्या. मग पाटीकडे बोट करून मराठीत म्हणाल्या, "जगताप म्हणजे सासवडकडचे?"

"नाही, कराडकडचा. तुम्ही?"

"बार्शीची. बनसोडे. तुमच्या लेथवर शाफ्ट किती चुकतो?"

इथे मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की आधी चहा होतो, मग तालुका निघतो, मग पोहे कुठे चांगले मिळतात ते निघतं. कामाचं अर्ध्या तासाने. बाईंना ती पद्धत माहीत नसावी. मी म्हणालो, "माझ्याकडे चुकत नाही."

"मग चालते मी," असं म्हणून त्या खरंच चालायला लागल्या. "ज्याला आपली चूक माहीत नाही त्याला काम देऊन मी काय करू?"

माझा फोरमन बलकार सिंग हसला. मला राग आला, आणि राग आला की मी खरं बोलतो. मी फाटकापर्यंत मागे गेलो. "मीटरभराच्या शाफ्टला दोन शतांश मिलिमीटर. उन्हाळ्यात तीन."

बाई थांबल्या. "उन्हाळ्यात तीन का?"

"शेड तापते. लोखंड वाढतं."

"आता बोलू," असं म्हणून त्या परत आल्या आणि माझ्याच स्टुलावर बसल्या.

मी भाव सांगितला. नेहमीप्रमाणे दुपटीने सांगितला, म्हणजे उतरायला जागा राहते. बाई म्हणाल्या, "ठीक आहे." बस. मी थांबलो, पुढे काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. भाव न करणाऱ्या माणसाशी व्यवहार म्हणजे एका हाताने वाजवायची टाळी. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून थोडे कमी केले. बाई म्हणाल्या, "का? काल चुकला होतात का?"

काम होतं एका डिशच्या बैठकीचं. शहराच्या कडेला एका सरकारी संशोधन संस्थेचं आवार आहे. त्याच्या मागच्या बाजूला गव्हाच्या शेतांना लागून मोकळी जागा, तिथे बाईंनी एक काँक्रीटचा खांब उभारून घेतला होता. त्याच्यावर छोटी रेडिओ दुर्बीण बसवायची होती. दुर्बीण म्हणजे काच-बीच काही नाही. लग्नाच्या स्वयंपाकातल्या मोठ्या कढईपेक्षा थोडी मोठी तबकडी, आकाशाकडे तोंड करून फिरणारी. अशीच दुसरी तबकडी महाराष्ट्रात एका पठारावर होती. या दोघींच्या मधलं अंतर बाईंना मोजायचं होतं. हजारावर किलोमीटरचं अंतर, मिलिमीटरात.

मी म्हणालो, "टेप कुठून आणणार?"

बाईंना विनोद कळायचे, पण त्या त्यांचं उत्तर देत. "तुमच्या गल्लीत सकाळी कारखान्याचा भोंगा होतो ना? तो तुम्हाला आधी ऐकू येतो, आणि दोन सेक्टर पलीकडच्या माणसाला जरा उशिरा. दोघांनी आपापल्या घड्याळात बघून वेळ लिहून ठेवली, तर त्या फरकावरून दोघांमधलं अंतर काढता येईल की नाही?"

"येईल. पण घड्याळं जुळलेली पाहिजेत."

"झालं, एवढंच आहे सगळं. फक्त आपला भोंगा फार लांब आहे." त्यांनी वर बोट केलं. "आकाशाच्या पार कडेला काही जागा आहेत, तिथून सारखी खरखर येत असते. त्या इतक्या दूर आहेत की आपल्याला हलताना दिसतच नाहीत. अशी एक जागा धरायची, तिची खरखर इथे आणि तिथे टिपायची. एका तबकडीला ती आधी मिळते, दुसरीला किंचित नंतर. मग दुसरी जागा धरायची, मग तिसरी. चोवीस तास."

महिन्यातून एकदा हे चोवीस तास असायचे. त्या दिवशी बाई म्हणजे वेगळंच माणूस. कँटीनचा मायक्रोवेव्ह बंद, माळ्याचं गवत कापायचं यंत्र बंद, आणि आवारात येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल काढून घेऊन त्या एका पिठाच्या स्टीलच्या डब्यात घालत आणि घट्ट झाकण लावत. संस्थेचे मोठे साहेब एकदा आले, त्यांचाही फोन डब्यात गेला. बाहेर आला तेव्हा साहेबांनी तो कोटाला पुसला आणि कोटही पांढरा झाला.

टिपलेली खरखर डिस्कवर जायची. त्या डिस्का बाई जुन्या टॉवेलांत गुंडाळून कुरिअरने पाठवत, तिकडून दुसऱ्या तबकडीच्या डिस्का येत, आणि दोन्ही एकमेकींशी जुळवून अंतराचा आकडा काढायला महिना-दीड महिना लागे. तोवर त्यांना काहीही विचारलं तर म्हणत, "अजून माहीत नाही." हे इतक्या निवांतपणे म्हणणारं माणूस मी धंद्यात पाहिलेलं नाही. धंद्यात माहीत नसलं तरी माहीत आहे म्हणावं लागतं.

तळघरात त्यांचं अणुघड्याळ होतं. त्याच्या खोलीत त्या चपला काढून जात. लाखो वर्षांत सेकंदही चुकत नाही म्हणे. आणि बाई स्वतः कुठेही वेळेवर आल्या नाहीत. माझ्या शेडवर यायच्या ठरलेल्या वेळेला मी दारात, आणि बाई तासाभराने ऑटोतून उतरताहेत. मी एकदा चिडून बोललो, "एवढं घड्याळ बाळगता, त्याचा उपयोग काय?"

"उपयोग आहे की. मी किती उशिरा आले ते मला नक्की माहीत असतं."

त्यांचा हा एक ठेकाच होता. कोणी काही आकडा सांगितला की त्या विचारत, "कमी-जास्त किती?" अपनी मंडीत, म्हणजे इथल्या भाजीबाजारात, भाजीवाल्याने किलोभर मटार तोलले की "कमी-जास्त कितना?" तो बिचारा वर आणखी मूठभर टाकायचा. माझ्या मुलीला मराठी कळतं, पण ती उत्तर हिंदीत देते. तिला बाईंनी परीक्षेचे गुण विचारले. ती म्हणाली, "अस्सी के आसपास आएँगे, आंटी." बाई खूश झाल्या. "आसपास म्हणाली. हुशार आहे."

आता माझी चूक.

बैठक बसवली, तबकडी चढवली, सगळं देखणं झालं. खांबाच्या माथ्यावर बाईंनी पितळेची एक खूण ठोकून घेतली होती. तबकडीचा उभा आस, म्हणजे ती ज्याभोवती फिरते तो मध्य, बरोबर त्या खुणेवर यायला हवा होता. बाईंनी दोन आठवडे चारी बाजूंनी मोजलं आणि मला बोलावून सांगितलं, "आस चार मिलिमीटर दक्षिणेला बसलाय."

झालं असं होतं की नकाशात बेसप्लेटची, म्हणजे बैठकीच्या तळाच्या प्लेटची, भोकं खांबाच्या कडेपासून दिली होती, आणि ज्या ठेकेदाराने खांब ओतला त्याची कडच वाकडी. मी त्या कडेवर विश्वास ठेवला. मी बाईंना म्हणालो, "नवी प्लेट करून देतो. पैसे नकोत." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

"नको," बाई म्हणाल्या. "चूक सापडली, मोजली, लिहिली. आता ती मला चालते. चार आहे हे माहीत असलं की चार वजा करायचे. फक्त इथून पुढे तिला कोणी हात लावायचा नाही."

आणि त्यांनी पिशवीतून एक लांबट लाल वही काढली. ती त्यांची चुकांची वही. संस्थेचं रजिस्टर इंग्रजीत असायचं, ही वही मराठीत. तिच्यात कोणी काय चुकलं ते नावासकट. "रावत: दार उघडं राहिलं, घड्याळाची खोली तापली." रावत म्हणजे तिथला गढवाली तंत्रज्ञ. "मी: कालचा आकडा उलटा उतरवला." "मी: केबलची लांबी धरायची राहिली." सगळ्यात जास्त वेळा "मी". पण त्या दिवशी माझं लक्ष तिकडे कुठलं जायला? त्यांनी लिहिलं: "जगताप: आस चार मिमी दक्षिणेला."

"बाई, चूक ठेकेदाराची आहे!"

"त्याने कड वाकडी ओतली ते वरच्या ओळीत आहे. कडेवरून मोजलं ते तुम्ही."

ती वही तिथल्या टेबलावर उघडी पडलेली असायची. येणारा-जाणारा वाचायचा. इथल्या लष्करी वसाहतीतले मराठी लोक दिवाळी फराळाला बाईंकडे जमत, त्यातला एक मेजर मला भर फराळात म्हणाला, "काय जगताप, अजून चार मिलिमीटर दक्षिणेलाच का?" मी चकली तशीच ठेवून उठलो.

आठ वर्षं मी हे सहन केलं. या आठ वर्षांत दर महिन्याचा एक असे ठिपके बाई भिंतीवरच्या लांब कागदावर मांडत गेल्या. ठिपक्यांची ओळ अगदी हळूहळू खाली उतरत होती. म्हणजे अंतर कमी होत होतं. हिमालय इकडून रेटतोय, आणि चंदीगड महाराष्ट्राकडे सरकतंय. वर्षाला नखाच्या जाडीएवढं, असं काहीतरी. मी म्हणालो, "एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या, "इथल्या शिवालिकच्या डोंगरांच्या पोटात किती ताण साठतोय ते यावरून कळेल. कधीतरी तो सुटणार. तेव्हा इथे तुमची शेड असेल, तुमची मुलगी असेल." नंतर मी असा प्रश्न विचारला नाही.

आठव्या वर्षी तबकडीचं खालचं बेअरिंग वाजायला लागलं. बाई भाचीच्या लग्नाला बार्शीला निघाल्या होत्या. जाताना रावतला सांगून गेल्या, जगतापकडून बेअरिंग बदलून घे. मला त्यांचा फोन आला: "फक्त बेअरिंग."

माझ्या शेडच्या कोपऱ्यात नवी बेसप्लेट तयार होती. ती मी कधीच करून ठेवली होती, आठ वर्षांपूर्वीच, रागाच्या भरात. रविवारी मी आणि बलकार वजन उचलायचा चेनब्लॉक घेऊन गेलो. रावत घरी. बेअरिंग बदललं आणि प्लेटही बदलली. आस बरोबर पितळी खुणेवर. असं काम मी पुन्हा केलेलं नाही, रेघेला रेघ. बलकार म्हणाला, "मैडम जी नू दस्स देना, पाजी." मी म्हणालो, सांगायचं कशाला, मोजतील तेव्हा कळेलच, मग स्वतःच्या हाताने माझं नाव खोडतील. जुनी प्लेट मी भंगारात घातली, म्हणजे कोणी परत बसवायला नको.

तीन महिने गेले. एका दुपारी रावत शेडवर आला. त्याचं तोंड उतरलेलं. "मैडम खाना नहीं खा रहीं, जगताप जी. ग्राफ़ टूट गया है."

ठिपक्यांच्या ओळीत उडी आली होती. आठ वर्षं हळूहळू जवळ येणारं चंदीगड एकदम लांब गेलं होतं, आणि त्यापुढच्या ठिपक्यालाही तिथेच होतं. बाईंनी घड्याळ तपासलं, केबली तपासल्या, आठ वर्षांची गणितं पहिल्यापासून केली. त्या स्वतःची चूक शोधत होत्या. त्यातच दिल्लीहून एक समिती येणार होती, बाईंचं हे केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला. एवढ्याशा तबकड्यांनी मिलिमीटर दिसतात यावर त्या लोकांचा मुळातच विश्वास नव्हता. उडीचं कारण सापडलं नाही, तर आठ वर्षांची ओळ रद्दी आणि केंद्राला कुलूप.

उडी किती, ते मी रावतला विचारलं नाही. मला माहीत होतं.

त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी अकरा दिवस गेलो नाही. मनात म्हणायचो, नाव लिहिताना हिला दया आली होती का? पण अकराव्या दिवशी बलकारने हातातला पान्हा खाली ठेवला आणि म्हणाला, "तुसी नहीं जाओगे तो मैं जाऊँगा." तेव्हा गेलो.

बाई भिंतीवरच्या कागदासमोर बसल्या होत्या. गळ्याची हाडं दिसत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. प्लेट, रविवार, सगळं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांच्या तोंडून बार्शी बाहेर पडली, जी मी तोवर कधी ऐकली नव्हती.

"काय करून ठिवलंस रं हे?"

त्यांनी कागदावरच्या उडीवर बोट ठेवलं.

"किती सरकवलंस?"

"चार मिलिमीटर. उत्तरेला."

"कमी-जास्त?"

"बोल्टाच्या भोकात थोडा खेळ असतो. अर्धा धरा."

त्या उठल्या, तोंड धुऊन आल्या, आणि आल्या तेव्हा पुन्हा नेहमीच्या बाई होत्या. "जुनी प्लेट कुठे आहे?"

"भंगारात."

"ती आणायची."

"कशाला? तुम्हीच आठ वर्षांपूर्वी चार मोजलं होतं ना?"

"मीच मोजलेलं मीच समितीसमोर ठेवलं तर त्याला कोण विचारणार? मला माझ्या बाहेरचा साक्षीदार पाहिजे. लोखंड खोटं बोलणार नाही." मग त्यांनी एका कागदावर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि तो माझ्या हातात दिला. "ही उडी. आकाशावरून निघालेली. आत्ताच लिहून तुमच्या खिशात ठेवते. प्लेट आधी बघितली, तर माझं मन प्लेटच्या आकड्याकडे झुकेल. उघडायचा नाही."

भंगारवाला सोहनलाल माझा जुना माणूस. वखारीत शिरण्याआधी मी बाईंना बजावलं, "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. आपण जुने बोल्ट बघायला आलोय. प्लेट हवी आहे असं कळलं तर तो आपल्याला सोलून काढेल."

"बरं."

मी सोहनलालशी बोल्टांचं बोलायला लागलो. दोन मिनिटं झाली असतील. बाई पुढे आल्या. "भाई साहब, एक लोहे की प्लेट चाहिए. बीच में बड़ा छेद है. उसके बिना मेरा आठ साल का काम पानी में जाएगा."

सोहनलालने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले.

"ओ जी, पहले बताना था," सोहनलाल म्हणाला. "मैडम जी का काम है तो ढूँढनी पड़ेगी. मेहनत लगेगी."

दोन तास शोधलं. गीझरच्या टाक्या, सायकलींचे सांगाडे, कूलरचे पत्रे. बाई साडीचा पदर खोचून पत्रे उलटत होत्या. शेवटी सोहनलाल म्हणाला, गेली असणार मंडी गोबिंदगडच्या भट्टीत, दर शुक्रवारी ट्रक जातो. बाई त्याच्या वजनकाट्याच्या कडेला मटकन बसल्या. आठ वर्षांत त्या दमलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून खाली बघितलं, तर काट्याच्या एका पायाखाली जाड प्लेट, आणि तिच्या कडेवर माझ्या शेडचा ठसा.

"सोहनलाल! ये क्या है?"

"वो? वो नहीं दूँगा, जी. एकदम सीधी प्लेट है, काँटा उसी पे खड़ा है. निकाली तो काँटा गलत हो जाएगा."

बाईंनी मान वर केली. "अभी सही है?"

सोहनलालने जीभ चावली. मग हसला. "मैडम जी, आपसे क्या झूठ. अभी भी गलत है. सौ किलो पे दो किलो खाता है. मुझे भी पता है, माल देने वालों को भी पता है. सब हिसाब में पकड़ के चलते हैं."

बाईंचा चेहरा उजळला. "बघा जगताप! यांना माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं मी त्या काट्यावर भंगार घालत होतो.

सोहनलालने भंगाराच्या दसपट भाव सांगितला. मी तोंड उघडायच्या आत बाई "ठीक आहे" म्हणाल्या. माझीच प्लेट, मीच विकलेली, माझ्यासमोर दसपट भावात गेली. रिक्षात मी त्यांच्याशी बोललो नाही.

शेडमध्ये मापं घ्यायच्या सपाट सरफेस प्लेटवर ती धुऊन-पुसून ठेवली. बलकारने उंची मोजायचा हाइट गेज लावला, मी व्हर्निअर. बोल्टाच्या भोकांपासून मधल्या छेदापर्यंतचं अंतर बाईंनी तीनदा मोजायला लावलं, मग आमची जागा बदलून पुन्हा तीनदा. नव्या प्लेटचं माप माझ्या जॉबकार्डावर होतं. दोघांतला फरक निघाला तीन पूर्णांक नऊ.

"आता कागद," बाई म्हणाल्या.

मी खिशातून काढला. घामाने ओला झाला होता. फाटू नये म्हणून घड्या एकेक करून उलगडल्या. आत लिहिलं होतं: चार पूर्णांक दोन.

लोखंड म्हणालं तीन पूर्णांक नऊ, आकाश म्हणालं चार पूर्णांक दोन. हजारावर किलोमीटरच्या अंतरात, मी एका रविवारी रागाने मारलेला धक्का त्या कढईएवढ्या तबकडीने बरोबर पकडला होता.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग माझ्या खांद्यावर जोरात थाप मारून म्हणाल्या, "दिसतंय की रं, जगताप! दिसतंय!" आणि बलकारला म्हणाल्या, "सरदारजी, कुछ खाने को है?" बलकारच्या डब्यातले दोन मुळ्याचे पराठे त्यांनी उभ्यानेच संपवले.

समिती आली तेव्हा बाईंनी ती प्लेट उचलून त्यांच्या पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवली. टेबलाला चरा गेला. जे लोक म्हणत होते की एवढ्याशा तबकड्यांना मिलिमीटर दिसूच शकत नाहीत, ते आता प्लेट आणि कागद आळीपाळीने बघत होते. केंद्र चालू राहिलं. आठ वर्षांची ओळ वाचली: उडीच्या आधीची आणि नंतरची, मध्ये तेवढं अंतर वजा करून.

मला वाटलं, आता तरी माझं नाव सुटलं. सात-आठ महिन्यांनी अहवाल छापून आला. रावतने आणून दिला. सातव्या पानावर ओळ होती. मुलीकडून अर्थ लावून घेतला, दोनदा घेतला. तबकडीची जागा, बैठक बनवणाऱ्या कारागिराने, एस. जगताप यांनी, न सांगता हलवली होती.

वही निदान मराठीत होती. हे तर देशोदेशी गेलं.

थंडी संपत आली होती. मी स्कूटर काढली आणि अहवाल घेऊन थेट बाईंकडे गेलो. ऊन छान पडलं होतं, त्या दारं-खिडक्या उघडून बसल्या होत्या. "या जगताप, चहा ठेवते," म्हणाल्या.

"चहा राहू द्या. हे नाव काढा."

त्यांनी ओळ वाचली. "यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही. पण बदनामी आहे."

"कसली बदनामी? या केंद्राने आठ वर्षांत पकडलेली एकच हालचाल अशी आहे, जिच्यावर कोणाला शंका नाही. ती तुमची. हिमालयाची अजून वादात आहे."

मी धंदेवाईक माणूस. सगळं मिळत नसेल तर अर्धं घ्यावं. म्हणालो, "बरं, नाव राहू द्या. 'न सांगता' एवढं काढा. पुढच्या छपाईत."

बाईंनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. "तेवढं सोडून काहीही मागा. सगळं त्यावरच उभं आहे. तुम्ही सांगून सरकवलं असतं, तर मी चार शोधायला गेले असते आणि चारच बघून आले असते. मला माहीत नव्हतं, म्हणून ते खरं ठरलं. तुमचं नाव साक्षीदार म्हणून आहे, जगताप."

"साक्षीदाराला गुन्हेगार म्हणत नाहीत."

"दोन्ही आहात," त्या म्हणाल्या. "मी काय करू?"

मला त्यांचं म्हणणं कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं, हे आज लिहितो. पण कळणं आणि राग बसणं यांत माझ्याकडे नेहमीच वेळ जातो. मी अहवाल त्यांच्या टेबलावर आपटला, "आता तुमचं बेअरिंग दुसऱ्याकडून बदलून घ्या," म्हणालो आणि बाहेर आलो. मागून भांड्याचा आवाज येत होता. त्यांनी चहा ठेवलाच होता. महिन्याभराने रावतचा फोन आला, मैडम झोपेतच गेल्या. तेव्हा ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी बाहेर येऊन मी स्कूटरला किक मारली. पहिल्या किकला लागली नाही, दुसऱ्याला लागली. निघताना आरशात बघितलं. बाई दाराच्या पायरीवर आल्या होत्या, दोन्ही हातांत एकेक कप. हाक मारली नाही. मी थांबतोय का ते थोडं पाहिलं, मग एक कप कठड्यावर ठेवला, उन्हात बसल्या आणि दुसऱ्यातला चहा प्यायला लागल्या.